नावच खातं

लोणावळ्याच्या बाजारातले हरिभाऊ माळवदे शिंपी सरकारी नोकराच्या कोटाला आतला खिसा लावत नसत. शिलाई पुरती घेत, अस्तर झकास घालत, बटणं अशी शिवत की कोट फाटेल पण बटण तुटणार नाही. फक्त छातीपाशी हात घातला की तो सरळ काखेत जाई. गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं की हरिभाऊ गळ्यातली टेप दोन्ही हातांनी ताणत आणि म्हणत, "तुमाला खिसा कशापायी? तुमचा हात आमच्या खिशात हायेच की!"

हे मला ठाऊक नव्हतं. नोकरी लागल्यावर मी पहिला कोट त्यांच्याकडे शिवायला टाकला. तो घालून ऐटीत कचेरीत गेलो, साहेबांसमोर उभा राहिलो आणि त्यांनी ठेवायला दिलेलं फाउंटन पेन सांभाळून आतल्या खिशात ठेवलं. पेन कोटातून घरंगळत निघालं, धोतरात अडकलं आणि शेवटी साहेबांच्या बुटावर पडलं. निबही वाकडी झाली. संध्याकाळी मी तणतणत दुकानात गेलो, तर हरिभाऊ मशीनवरून मान न उचलता म्हणाले, "साहेबाचं पेन साहेबाकडंच गेलं न्हवं? मग बिघडलं कुटं?"

मी ज्या खात्यात होतो त्याचं नाव सांगत नाही. अजून त्यांचीच पेन्शन खातो आहे. घाटातल्या रस्त्यांशी आणि डाकबंगल्यांशी त्याचा संबंध होता, एवढं पुरे. हरिभाऊंनाही नावाची गरज नव्हती. सगळ्या सरकारी लोकांना ते एकच हाक मारत. "काय हो खातं, जेवलं का?" "खातं आलं, पाट द्या." आणि कुणी विचारलंच तर म्हणत, "नावच खातं. ते खानारच. आमच्या धंद्याला कुनी खातं म्हनतं का? आमचं आपलं दुकान."

अंगानं काठीसारखे, रंगानं तांबूस, आणि आवाज असा की मापं घेऊ लागले की समोरचा किराणावाला वजन विसरायचा. सरकारी माणसाचं पोट मोजताना हा आवाज मुद्दाम चढायचा. "पोट! वाढलं! गेल्या दिवाळीपास्नं चार बोटं वाढलं! कामशेतला भाताचा भाव पडला आन हितं पोट वाढलं, बगा लोकहो!" लोकही बघायचे. जमादारापासून ओव्हरसियरपर्यंत सगळे श्वास आत ओढून माप देत. म्हणून लोणावळ्यातल्या साऱ्या सरकारी नोकरांचे कोट पोटावर तंग असत.

एकदा मी चिडून म्हटलं, "एवढा राग आहे, तर आमच्या पट्टेवाल्यांचे डगले शिवायचं कंत्राट कशाला घेता?"

"पोटासाठी घेतो," ते म्हणाले. "माझ्या पोटासाठी. तुमची मोजतो ते निराळं."

ती मंदीची वर्षं. मावळातला आंबेमोहर गाड्या भरून कामशेतला जायचा आणि तसाच भरलेला परत यायचा. मुंबईच्या शेटजींचे बंगले उन्हाळ्यातसुद्धा कुलपातच. नवा कोट शिवायला कुणी येईना. लोक जुनेच कोट आणत आणि उसवून, आतली बाजू बाहेर करून पुन्हा शिवून नेत. हरिभाऊ दिवसभर लोकांचे विटलेले कोट उलटे करत बसायचे आणि त्यांचं टाळकं तापत जायचं.

आणि आमचं पगारदारांचं? खरं सांगायचं तर आमचं बरं चाललं होतं. तांदूळ, गूळ, तूप सगळं स्वस्त, आणि एक तारीख चुकत नव्हती. माझी बायको एकदा म्हणून गेली, "बाई, किती स्वस्ताई! असेच दिवस राहोत." ते मी हरिभाऊंना कधी सांगितलं नाही.

पण भांडण रोजचंच. कचेरी सुटली की मी त्यांच्या दुकानाच्या पायरीवर बसायचो आणि ते मशीन थांबवायचे.

"मला एक सांगा खातं, पाऊस पडला न्हाई, तुमचा पगार थांबतो?"

"नाही."

"पाऊस लय झाला, भात कुजलं. थांबतो?"

"नाही."

"तुमी मेला?"

"बायकोला काहीतरी मिळतं."

"बगा! मेल्यावर बी खातं!"

मग मीही पेटायचो. परीक्षा द्याव्या लागतात म्हणायचो, बदल्या होतात, पोरांच्या शाळा मोडतात म्हणायचो. एकदा जरा छाती काढून म्हटलं, "आणि आम्ही लाच घेत नाही, त्याची काही किंमत आहे की नाही?"

हरिभाऊ माझ्याकडे बघतच राहिले. "म्हंजी चोरी करत न्हाई म्हनून पगार? मग मी बी करत न्हाई. मला कुटं मिळतो ते सांगा, आत्ता जातो."

या सगळ्या रागात एक खास, लोणच्यासारखा मुरवलेला राग होता, तो आमच्या कचेरीतल्या भिवा पट्टेवाल्यावर. भिवा वलवणचा. उंचीला बेताचा, मिशीला भरपूर. सलाम करायची त्याला इतकी सवय होती की साहेब दौऱ्यावर गेले तर त्यांच्या रिकाम्या खुर्चीलाही सलाम करून तो फडका मारायचा. साहेबांच्या घरची भाजी आणण्यापासून पावसाळ्यात घाटातल्या डाकबंगल्यांवर टपाल पोचवण्यापर्यंत सगळं तोच करी. बाजारातून जाताना तो डगल्यावरचा पितळी बिल्ला बाहीनं पुसायचा. हरिभाऊंना नेमकं तेच खुपायचं.

"सरकारनं याला डगला दिला," ते ओरडत. "पट्टा दिला. छत्री दिली. थंडीला कांबळं दिलं. आता न्हाऊ घालायला एक बाई तेवढी द्या म्हनावं! काम न्हाई, धाम न्हाई, फुकटचा पगार!"

भिवा हसून सलाम ठोकायचा आणि पुढे जायचा.

मग एका उन्हाळ्याच्या तोंडाला व्यापाऱ्यांनी सभा भरवली. कर भरवत नाहीत, सरकारी खर्च कमी करा, असा अर्ज करायचा ठरलं. धर्मशाळेच्या ओट्यावर सभा झाली, आणि व्यापाऱ्यांची मिळमिळीत भाषणं संपल्यावर हरिभाऊ उठले. असं भाषण मी पुन्हा ऐकलं नाही. "पगार कापा!" ते म्हणाले. "आमी कापतो रोज पोटाला, तुमी बी कापा! मापानं कापा, पन कापा!" लोकांनी टाळ्या वाजवून ओटा दणाणून सोडला. आमचे साहेब पहिल्या रांगेत बसले होते. त्यांनीही टाळ्या वाजवल्या. तेव्हाच मला खटकलं.

वरूनही खर्च कमी करण्याचा हुकूम आला होता. कुठे कमी करायचा ते साहेबांनी ठरवायचं होतं, आणि साहेबांनी ते एका दुपारी, चहा पिता पिता ठरवलं. त्यांचा भत्ता तसाच राहिला. बंगल्याची डागडुजी तशीच राहिली. हेडक्लार्क राहिले, मी राहिलो. घाटरस्त्यावर खडी फोडणाऱ्या बायांची टोळी गेली, डाकबंगल्यावरचा म्हातारा पाणक्या गेला, आणि भिवा गेला. पट्टा, बिल्ला, छत्री आणि ते कांबळंसुद्धा जमा करून घेतलं. व्यापारी हार घेऊन आले आणि लोकांच्या हाकेला ओ दिल्याबद्दल त्यांनी तो साहेबांच्या गळ्यात घातला. आज इतकी वर्षं झाली, पण तो झेंडूचा हार आठवला की माझ्या तळपायाची आग मस्तकाला जाते.

भिवा दुसऱ्या दिवशी बाजारातून निघाला तेव्हा नेसूचं धोतर आणि अंगात बंडी एवढंच होतं. हरिभाऊंनी त्याला बघितलं आणि नेहमीसारखी तोफ डागली. "काय रं सरकार, पट्टा कुटं इसरलास?"

पुढचं मला भिवानं सांगितलं. तो दुकानाच्या पायरीशी थांबला आणि म्हणाला, "कपात झाली जी. तुमी म्हनलं व्हतं ती."

हरिभाऊंनी मशीनवरचा पाय काढला. "तुजी? तुजी कशानं? तुला पगार तरी किती?"

भिवानं सांगितला.

"आठवड्याचा?"

"म्हयन्याचा जी."

हरिभाऊंनी पुन्हा विचारलं. भिवानं पुन्हा तेच सांगितलं. मग हरिभाऊ उठले, उघडं दुकान तसंच टाकलं आणि चालू पडले.

मी कचेरीत टेबलाशी बसलो होतो. हरिभाऊ दारातून आले ते माझ्याकडे न बघता थेट साहेबांच्या खोलीत शिरले. गळ्यात टेप, कानाला खडू, अंगभर सुताचे धागे.

"या या माळवदे," साहेब म्हणाले. साहेब पुण्याचे, बोलायला साखर. "तुमचं भाषण उत्तम झालं. बघा, आम्ही मान राखला."

"साहेब, कोट ढिला झाला तर कुटं आत घ्यायचा?"

साहेबांना कळेना. "म्हणजे?"

"पोटावर ढिला असतो. तितं आत घ्यायचा. तुमी बाह्या कापल्या! आता हात कुटं घालायचं?"

"हे पाहा, वरच्या जागा जबाबदारीच्या असतात. तुम्हाला ते समजायचं नाही."

"जबाबदारी?" हरिभाऊंचा आवाज बाजारात गेला असेल. "गेल्या आखाडात घाटात दरड आली तवा जबाबदारी कुटं व्हती? पुन्याला व्हती, सासुरवाडीला! टपाल घिऊन दरडीवरनं भिवा गेलता. मी मापं घेतो साहेब, कोन किती सुकलाय आन कोन किती सुजलाय, मला ठावं हाय. पगार कापा म्हनालो मी. व्हय, म्हनालो. वट्यावर उभा ऱ्हाऊन म्हनालो. गडी कापा म्हनालो न्हाई!"

साहेबांचा चेहरा लाल झाला. त्यांनी टेबलावरची घंटी दाणकन वाजवली. पट्टेवाल्यानं येऊन या माणसाला बाहेर काढावं म्हणून. कुणी आलं नाही. त्यांनी पुन्हा वाजवली. बाहेर आम्ही सगळे माना खाली घालून बसलो होतो. हेडक्लार्कांनी तर रुमाल तोंडात कोंबला होता.

"वाजवा," हरिभाऊ शांतपणे म्हणाले. "वाजवा, वाजवा. येतोय का कोन बगू."

शेवटी ते आपणच बाहेर आले. भिवाची जागा काही परत मिळाली नाही. खडी फोडणाऱ्या बाया कुठे गेल्या ते मला कळलं नाही. हरिभाऊंचं डगल्यांचं कंत्राट मात्र आठवडा उलटायच्या आत गेलं. मी हळहळलो, तर माझ्यावरच कडाडले, "गेलं तर गेलं! तुमची पोटं मोजून माझी टेप ताणली व्हती."

भिवाला त्यांनी दुकानात बसवलं. उपकार करतो आहोत असा चेहरा करणं त्यांना जमत नव्हतं, म्हणून ते सकाळपासून शिव्या देत. भिवाला काजं करायला दिली. एक काज वर तोंड करी, एक खाली. गिऱ्हाईक आलं की भिवा काम टाकून उभा राही आणि सलाम करी. "बस खाली!" हरिभाऊ ओरडत. "सरकारनं नासवलेला मानूस. सुई धराया आली न्हाई अजून, पर सलाम बग कसा लख्ख!"

खरी अडचण पुढेच होती. भिवाची मुलगी सगुणा सुदुंबऱ्याला द्यायची ठरली होती. वैशाखातलं लग्न. सोयरीक जमली ती बाप सरकारात आहे म्हणून. व्याही बाळोबा पंचक्रोशीत सांगत सुटला होता. नोकरी गेल्याचं सुदुंबऱ्यात कुणाला ठाऊक नव्हतं, आणि भिवाला ते सांगायचा धीर होत नव्हता.

"मोडतील जी," तो एवढंच म्हणाला.

हरिभाऊ दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी गेलो तर ते खाकी कापड बेतत होते. हुबेहूब सरकारी डगला. मी दचकलो. "हरिभाऊ, हे बरं नव्हे."

"खाकी रंग काय सरकारनं इकत घेतलाय का?"

"आन बिल्ला?" भिवानं घाबरत विचारलं.

"कल्हईला दिलाय म्हन." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमी बी चला. एक खरं खातं संगती असलं म्हंजी खोट्याला जोर येतो."

असे आम्ही वऱ्हाडाबरोबर तळेगावपर्यंत आगगाडीनं आणि तिथून इंदोरीवरून बैलगाडीनं सुदुंबऱ्याला गेलो. मांडव मोठा होता. बाळोबा दणकट, बोलका गडी. त्यानं भिवाचा हात धरून त्याला गावभर मिरवला. "हे आमचं याही. सरकारात हायती. साहेबाचा उजवा हात." भिवा डगल्याच्या आत घामानं निथळत होता. दर वेळी तो हळूच माझ्याकडे बघायचा आणि मी चुकीच्या वेळी मान डोलवायचो.

मुहूर्ताला थोडा वेळ होता. आम्ही जाजमावर टेकलो. बाळोबा पान लावत, चारचौघांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आता आमच्या याह्याला घोर न्हाई. पेन्शनी यील. आन खरं सांगू का, मजा हाय राव या लोकांची! काम न्हाई, धाम न्हाई, फुकटचा पगार!"

लोक हसले. मी हरिभाऊंकडे बघितलं. त्यांच्या गळ्याच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या.

"कोन म्हनतं फुकटचा?" ते ताडकन उठले. "कोन म्हनतं? चिखलात गुडघ्याएवढा रुतून टपाल नेलंय त्यानं! साहेबाची भाजी, साहेबाचं पोर, साहेबाचं कुत्रं, समद्यांचं केलंय! आन पगार? पगार ऐकला तर तुजा बैल हसंल! पेन्शनी कसली घिऊन बसलास, हाकलून दिलाय त्याला साहेबानं!"

सनई थांबली. मला वाटतं हरिभाऊंना आपण काय बोललो ते सनई थांबल्यावरच कळलं.

भिवानं डोळे मिटून घेतले. बाळोबाच्या हातातलं पान तसंच राहिलं. "म्हंजी नोकरी न्हाई? मग ह्यो डगला?"

"डगला मी शिवलाय," हरिभाऊ म्हणाले. "फसवलंय मी. मला बोल. मानूस फसवा न्हाई, डगला फसवा हाय."

बाळोबा असा चवताळला की चौघांनी धरला. सोयरीक मोडली, पोरीला घरी न्या, असं सगळं बोलून झालं. आतल्या घरात बायकांची कुजबूज सुरू झाली आणि त्यात सगुणेचं रडणं मला ऐकू आलं. हरिभाऊ मांडवाच्या मधोमध उभेच. माफी मागायची तर त्यांना कधी जमलीच नव्हती.

"मग खातो काय ह्यो आता?" बाळोबा ओरडला.

"माज्या दुकानात हाय," हरिभाऊही तेवढ्याच जोरात ओरडले. "काजं करतो. घान करतो. पर करतो! आन माज्या दुकानात कपात न्हाई, ऐकलंस?"

तेवढ्यात बाळोबाची म्हातारी आई काठी टेकत माजघरातून बाहेर आली. तिनं दोघांकडे बघितलं. "झालं का वरडून?" ती म्हणाली. "पोरगी बगितली व्हती मी, पट्टा न्हाई. चुलीवर भात शिजलाय, पुरनाच्या पोळीचा घाना उतरलाय. ते काय इंद्रायनीत वताचं? मुहूर्त टळतोय. धरा अंतरपाट."

आणि लग्न लागलं. बाळोबा भिवाशी एक शब्द बोलला नाही. वरमाईनं सगुणेची ओटी भरली तीसुद्धा गाल फुगवून. पुढे वर्ष-दीड वर्षानं नातू झाल्यावर ते सगळं निवळलं, पण त्या दिवशी जेवण कुणाच्या घशाखाली उतरलं नाही. परत येताना भिवा बैलगाडीच्या मागच्या टोकाला पाठ करून बसला. डगला काढून त्यानं घडी घालून शेजारी ठेवला होता. हरिभाऊंनी दोनदा खाकरून बघितलं. भिवा वळला नाही.

मला वाटलं, हा आता दुकानात पाऊल टाकणार नाही. दुसऱ्या दिवशी कचेरीत जायच्या आधी मी मुद्दाम बाजारातून गेलो. दुकानाच्या फळ्या अर्ध्याच काढलेल्या होत्या. आत भिवा होता. दाराच्या उजेडाला बसून, जीभ दातांत धरून तो सुईत दोरा ओवत होता. एक ओवली की सुयांच्या गादीत खोचायचा आणि दुसरी घ्यायचा. पांढऱ्या दोऱ्याच्या, काळ्या दोऱ्याच्या, खाकी दोऱ्याच्या, बऱ्याच सुया ओळीनं खोचलेल्या होत्या. शेजारी हरिभाऊ बसले होते. त्यांनी हात पुढे केला, बोटांनी गादी चाचपली, दोरा बोटाला लागला तिथली सुई उचलली आणि काम सुरू केलं. त्यांची नजर कापडावर नव्हतीच.

मला पायरीवर बघून दोघेही थांबले.

"कधीपासून, हरिभाऊ?" मी विचारलं.

"लय दिस झालं," ते म्हणाले. आवाज एवढा खाली मी कधी ऐकला नव्हता. "लांबचं ढोबळ दिसतं, हातातलं न्हाई. कापड हाताला कळतं. टेपेवर गाठी मारल्यात, माप बी कळतं. सुईचं नेढं तेवढं कळत न्हाई. ह्यो दुकानात नव्हता तवा पहाटे शेजारच्या पोरीकडनं ओवून घ्यायचो. कुनाला सांगू नगा. आंधळ्या शिंप्याकडं कोन कापड टाकतं?"

मी मान हलवली. मग ती त्यांना दिसली नसेल असं वाटून म्हणालो, "नाही सांगणार."

ते थोडा वेळ टाके घालत राहिले. "तुमच्यात बरं असतं," ते म्हणाले. "डोळं गेलं, हात थकलं की मानसाला घरी बशिवत्यात आन दर म्हयन्याला पोटापुरतं धाडत्यात. वाईट न्हाई ते. मी वाईट म्हनत व्हतो, पर ते वाईट न्हाई. समद्यांनाच पायजे तसं. मला कोन बशिवनार?"

भिवानं आणखी एक सुई ओवली, दोऱ्याला गाठ मारली आणि ती गादीत खोचली. कालपासूनचे त्याचे पहिले शब्द असावेत.

"मी हाय न्हवं," तो म्हणाला.

"तू गप," हरिभाऊ खेकसले. "गाठ बारीक मार. केवढी ती गाठ!"